आज काही विशेष नाही

मागच्या अंकात मी सहज विचारलं होतं की तुम्ही स्वतःसाठी काही लिहिता का, डायरी, पत्रं, वहीच्या मागच्या पानावर खरडलेलं, काहीही. वाटलं चार-दोन जण उत्तर देतील. पण पत्रं आली, मेल आले, व्हॉट्सअ‍ॅप आले, एकाने तर अकरा मिनिटांचा व्हॉइस मेसेज पाठवलाय ज्यात पहिली तीन मिनिटं "ताई मला काय नीट बोलता येत नाही" हेच चाललंय. सगळं छापणं शक्य नाही. थोडी निवडलीत, नावं काढलीत, काहींची गावंही बदललीत. आणि आधीच सांगते, मी यातली तज्ज्ञ वगैरे नाही, शाळेत मराठी शिकवलं, चाळीसेक वर्षं वह्या भरल्या आणि त्यातल्या तीन 1991 साली बंबात घातल्या (ते पुढे येईल), एवढंच माझं क्वालिफिकेशन.

प्रश्न : ताई, माझं वय 53. मुलीचं लग्न झालं, मुलगा हैदराबादला असतो. रात्री झोप लागत नाही म्हणून मैत्रीण म्हणाली डायरी लिही, मन हलकं होतं. मी चांगली 180 रुपयांची वही आणली. आज तेवीस दिवस झाले, त्यातले एकोणीस दिवस मी "आज काही विशेष नाही" एवढंच लिहिलंय. उरलेल्या चार दिवशी "कंटाळा आला". माझ्या आयुष्यात खरंच काही नाहीये का मला लिहिता येत नाही? (बार्शी)

तुमचं पत्र वाचून आधी मी हसले, सॉरी, आणि मग बराच वेळ ते टेबलावर तसंच पडून होतं.

अहो, वहीची किंमत तुम्ही सांगितलीत, तेवीस दिवस मोजलेत, त्यातले एकोणीस वेगळे काढलेत. म्हणजे तुम्ही बघणाऱ्या, मोजणाऱ्या बाई आहात. हे सगळं मला लिहिलंत आणि वहीत मात्र नाही लिहिलंत. का, तर वहीत लिहायचं म्हणजे काहीतरी "विशेष" पाहिजे असं डोक्यात बसलंय. शाळेतल्या निबंधाने हा घोटाळा करून ठेवलाय आपला, आणि तो निबंध मीच तीस वर्षं लिहून घेतला पोरांकडून, त्यामुळे दोष माझाही आहे.

डायरीत आपण बहुतेक वेळा निकाल लिहितो. कंटाळा आला. बरं वाटलं. वाईट वाटलं. निकाल लागला की केस बंद, दुसऱ्या दिवशी ते पान उघडलं तर तुम्हालासुद्धा काही सापडत नाही त्यात. निकालाच्या आधी जे घडलं ते लिहायचं असतं, आणि ते बहुतेक वेळा इतकं बारीक असतं की लिहायची लाज वाटते.

माझ्या वडिलांचं सांगते. ते कोर्टात कारकून. विमा एजंट फुकट डायरी द्यायचा त्यात रोजचा हिशोब लिहायचे, दूध 2.40, भाजी 1.75, सायकल पंक्चर 0.50, बास. भावना-बिवना काही नाही, आम्ही चिडवायचो त्यांना. आणि रोज रात्री हिशोब लागल्याशिवाय उठायचे नाहीत, चार आणे कमी आले तर आईला झोपेतून उठवून विचारायचे. ते गेल्यावर त्या डायऱ्या माझ्याकडे आल्या. 1979 सालातली आजी गेली त्या दिवशीची नोंद मी शोधून काढली. लाकडं 85, मडकं 3, रिक्षा 6, भटजी, चहा-साखर असं सगळं लिहिलेलं आणि खाली एक ओळ, "फरक 11 रु. लागत नाही." दुसऱ्या दिवशी कोरं पान, तिसऱ्या दिवसापासून परत दूध 2.40. ते अकरा रुपये त्यांनी पुढे कधी शोधलेलेच दिसत नाहीत. माझे वडील आईच्या मरणाने किती हलले होते हे मला त्या अकरा रुपयांमुळे कळलं, तेही मी स्वतः पन्नाशीला आल्यावर. तोंडाने ते कधीच काही बोलले नव्हते.

तर आज रात्री "विशेष" सोडून द्या. दिवसातली एकच गोष्ट घ्या आणि जे बोललं गेलं ते त्याच शब्दांत लिहा. समजा मुलाचा फोन आला असेल, तर असं, "फोन चार मिनिटं. जेवलीस का विचारलं. हो म्हटलं. जेवले नव्हते." बघा, यात कुठेही एकटेपणा हा शब्द नाहीये. पण हे लिहून झाल्यावर तुम्ही स्वतःला विचाराल की मी खोटं का बोलले, आणि त्याचं उत्तर कदाचित दोन ओळींत येईल, कदाचित महिनाभर येणार नाही. झोप येईल का ते मला माहीत नाही हो. झोपेचं डॉक्टरांना विचारा, पन्नाशीनंतर त्याची शरीराची कारणंही असतात, सगळा भार वहीवर नको.

प्रश्न : ताई, मी 24, हिंजवडीत जॉब, पीजीत राहतो. आठ महिन्यांपूर्वी ब्रेकअप झालं. रोज रात्री मोबाईलच्या नोट्समध्ये लिहितो, कधी कधी दोन-दोन तास. सगळे म्हणतात लिहून काढ, मोकळा होशील. पण मला उलट जास्त त्रास होतो आणि झोपायला तीन वाजतात. मी चुकीचं लिहितोय का? (पुणे)

चुकीचं नाही रे, पण मला शंका येते की आठ महिने तू एकच पान लिहितोयस. एक कर, सहा महिन्यांपूर्वीची नोट आणि कालची नोट शेजारी ठेवून वाच. "तिने असं का केलं", "मी काय कमी केलं" हीच वाक्यं दोन्हीकडे असतील तर ते लिहिणं नाही, घाण्याचा बैल आहे, दिवसभर चालतो आणि संध्याकाळी तिथेच.

यावर बराच अभ्यास झालाय, थोडक्यात सांगते कारण "लिहून काढ" म्हणणाऱ्यांना अर्धाच माहीत असतो. जेम्स पेनेबेकर नावाचे अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ, त्यांनी आणि त्यांच्या एका सहकारी बाईंनी टेक्सासमधल्या कॉलेजच्या मुलांना लिहायला बसवलं, तो पेपर 1986 मध्ये आला. काही मुलांना आयुष्यातल्या सगळ्यात दुखऱ्या गोष्टीबद्दल लिहायला सांगितलं आणि काहींना अगदी फालतू विषय दिले. रोज फक्त पंधरा मिनिटं आणि असे फक्त चार दिवस. दुखरं लिहिणाऱ्यांना लिहून झाल्या-झाल्या जास्तच वाईट वाटलं, म्हणजे तुझं जे होतंय ते त्यांचंही झालं. पण ज्यांनी घटना आणि त्याबद्दल काय वाटलं हे दोन्ही लिहिलं होतं ती मुलं पुढच्या काही महिन्यांत दवाखान्यात कमी वेळा गेली. नंतर असे शेकडो प्रयोग झाले आणि सगळे एकत्र करून बघितले तर फायदा आहे पण लहान आहे, जादू नाहीये. मला त्यातली एक गोष्ट फार आवडते. पुढे त्यांनी मुलांचं लिखाणच शब्दाशब्दाने तपासलं तर ज्यांना फायदा झाला त्यांच्या लिखाणात पहिल्या दिवसापासून शेवटच्या दिवसापर्यंत "कारण", "म्हणून", "आता लक्षात येतं" असल्या शब्दांचं प्रमाण वाढत गेलेलं. म्हणजे गोष्ट पुढे सरकत होती. जी पहिल्या दिवशी होती तीच चौथ्या दिवशी नव्हती.

तर तुझ्यासाठी माझं असं, रात्री दोनला लिहिणं बंद. ऑफिसातून आल्यावर, आंघोळ करून, पंधरा मिनिटांचा अलार्म लावून बस आणि वाजला की अर्ध्या वाक्यात उठ. चार दिवस. त्यातला एक दिवस स्वतःला "तो" म्हणून लिही, "तो तेव्हा बसस्टॉपवर उभा होता आणि त्याने फोन कट केला" असं. आणि एक दिवस तिच्या बाजूने लिही, खरं खरं, स्वतःला हिरो न करता. जड जाईल. मग सुट्टी घे, मित्राबरोबर सिंहगडावर जा, पिठलं-भाकरी खा, महिनाभर नोट्स उघडू नकोस.

आणि जेवण सुटलं असेल, कामात लक्ष नसेल, नकोच जगायला असं मनात येत असेल तर मग वही-मोबाईल राहू दे, माणसाशी बोल. टेलिमानस म्हणून सरकारी हेल्पलाइन आहे, 14416, फुकट आहे, मराठीत बोलता येतं. लाजू नकोस.

प्रश्न : रागाच्या भरात सासूबाईंबद्दल आणि ह्यांच्याबद्दल लिहिलेली माझी डायरी कपाट आवरताना ह्यांच्या हाती लागली आणि त्यांनी सगळी वाचली. महिना झाला, बोलतात पण मीठ-मिरचीपुरतं. वही जाळून टाकू का? (कोल्हापूर)

नको. मी जाळल्यात म्हणून सांगते. नणंद पंधरा दिवस राहायला येणार होती आणि तिला कपाटं उघडायची सवय, मी घाबरून तीन वह्या बंबात घातल्या, दहा मिनिटांत पाणी तापलं, त्याच पाण्याने सगळ्यांनी आंघोळी केल्या. नणंदेबद्दलची गाऱ्हाणी गेली त्याचं काही वाटत नाही, गाऱ्हाणी काय नवीन तयार होतात. पण त्याच वह्यांत थोरला बोलायला लागला तेव्हा पाण्याला आणि आरशाला एकच शब्द म्हणायचा तो शब्द होता, तो आता मलाही आठवत नाही आणि त्याला तर नाहीच.

बायकांना वही लपवावी लागणं हे आजचं नाही. फलटणच्या बेबीताई कांबळे, 'जिणं आमुचं' लिहिणाऱ्या. त्यांनी दुकानात बसून लिहिलं आणि नवऱ्यापासून, मुलापासून वर्षानुवर्षं लपवून ठेवलं. ते 'स्त्री' मासिकात छापून यायला 1982 उजाडलं आणि पुस्तक आलं 1986 ला. महार समाजाचं, त्यातही बायकांचं जगणं आतून सांगणारं इतकं महत्त्वाचं लिखाण, आणि ते इतकी वर्षं घरातच दडवलेलं. एखाद्या वर्षी घाबरून चुलीत घातलं असतं तर? मी आपली उगाच विचार करत बसते असला.

आता तुमचं. एक, दुसऱ्याची डायरी वाचणं ही चूकच, पहिलं पान चुकून वाचलं जाईल, सगळी वही चुकून वाचली जात नाही, त्यामुळे सगळा अपराध स्वतःकडे घेऊ नका. दोन, त्यांना एक गोष्ट माहीत नसणार की माणूस सुखात असला की वही काढत नाही. ज्या दिवशी पन्हाळ्याला जाऊन भजी खाल्लीत त्या दिवशी तुम्ही काही लिहिलं नसणार. त्यांनी तुमच्या संसारातले सगळे वाईट तास एकापाठोपाठ एक वाचले आणि त्यांना वाटलं हाच संसार. हे त्यांना सांगा, असंच, याच शब्दांत सांगितलंत तरी चालेल. तोंडाने जमत नसेल तर चिठ्ठी लिहा, डब्याच्या पिशवीत टाका. आणि चिठ्ठीत फक्त गोड लिहू नका, एक खरं गाऱ्हाणंही लिहा, पण निकाल न देता. "तुम्ही नेहमी आईचीच बाजू घेता" हा निकाल झाला. "गणपतीत मी 21 मोदक करून उभी होते आणि आई म्हणाल्या पारी जाड झाली आणि तुम्ही हसलात" हे घडलेलं झालं. निकालावर माणूस भांडतो. घडलेल्यावर भांडता येत नाही हो, फार तर तो म्हणेल मला आठवत नाही, पण तेही बोलणंच ना.

(घरात नुसता अबोला नसून भीती असेल, हात उठत असेल, तर हे सगळं बाजूला ठेवा, वही विश्वासातल्या मैत्रिणीकडे ठेवायला द्या आणि मला परत लिहा, ते छापणार नाही.)

प्रश्न : पेनाने लिहावं की मोबाईलवर? आणि रोजच लिहिलं पाहिजे का? (तीन-चार जणांनी विचारलंय)

ज्याने लिहिलं जाईल त्याने. मी पेनवाली आहे कारण मोबाईल उघडला की भाचीचे फोटो बघत बसते. रोज नको, देवपूजा नाहीये ती.

प्रश्न : मी 74 वर्षांचा, रेल्वेत 36 वर्षे सेवा करून स्टेशन मास्तर म्हणून निवृत्त. लॉकडाऊनमध्ये आत्मवृत्त लिहायला घेतले, 212 पाने झाली, टाइप करून घेतली, स्पायरल बाइंडिंगच्या सहा प्रती काढल्या. मुलगा न्यू जर्सीला. म्हणाला, बाबा पीडीएफ पाठवा, वाचतो. दोन वर्षे झाली. नातीला मराठी बोललेले समजते पण वाचता येत नाही. लेखनात दोष आहे की माणसेच बदलली? (डोंबिवली)

काका, पहिल्या दहा पानांची झेरॉक्स जोडलीत ती मी पूर्ण वाचली. रागावू नका पण पहिली चार पानं मी पूर्वी पुष्कळदा वाचल्यासारखी वाटली. जन्म, मध्यमवर्गीय कुटुंब, वडील कडक पण प्रेमळ, गुरुजनांचे संस्कार. हे खोटं नाहीये पण यात तुम्ही दिसत नाही, कुणीही दिसेल.

आणि मग पत्राच्या शेवटी ता. क. म्हणून तुम्ही जे लिहिलंत ते मी तीनदा वाचलं. मुलगा झाला त्या रात्री तुम्ही मराठवाड्यातल्या सिंगल लाइनवरच्या लहान स्टेशनात ड्यूटीवर होतात, निरोप आला तेव्हा मालगाडीला लाइन क्लिअर (म्हणजे पुढे जायची परवानगी) मिळालेली, तुम्ही टोकनचा गोळा पाऊचमध्ये घालून रिंग ड्रायव्हरच्या हातात दिलीत, गाडीचा मागचा लाल दिवा दिसेनासा होईपर्यंत उभे राहिलात आणि मग केबिनमध्ये येऊन रडलात. हे 212 पानांत कुठेय म्हणून विचारायला मी मुद्दाम फोन केला तुम्हाला, तर तुम्ही म्हणालात 87 नंबरच्या पानावर, दोन ओळींत!

काका, मुलाला पीडीएफ नका पाठवू. हे 87 नंबरचं पान दोन ओळींचं दोन पानं करा, हाताने लिहा, टोकन म्हणजे काय ते सांगा (एका वेळी दोन स्टेशनांच्या मध्ये एकच गाडी असावी म्हणून हा गोळा असायचा, तो हातात असल्याशिवाय ड्रायव्हर गाडी हलवायचा नाही, हे मलाही तुमच्यामुळेच कळलं), निरोप कुणी आणला, तुम्ही घरी कधी पोचलात, त्याला पहिल्यांदा बघितलं तेव्हा काय वाजले होते, आणि त्याच्या वाढदिवसाला मिळेल असं टाका पोस्टात. आणि शेवटी एक प्रश्न विचारा त्याला. तुझी मुलगी झाली तेव्हा तू कुठे होतास, असा काहीतरी. आपल्याकडे पूर्वी पंधरा पैशाचं कार्ड यायचं तरी त्यात "उलट टपाली कळवावे" असायचंच. आत्मचरित्राला कुणी उत्तर देत नाही, पत्राला द्यावं लागतं.

नातीसाठी वाचून रेकॉर्ड करा. पाच मिनिटांचं एक, जास्त नको. खोकला आला तर राहू द्या तसाच.

आणि माणसं बदलली का म्हणाल तर मला नाही वाटत. वरसईचे गोडसे भटजी 1857 च्या धामधुमीत उत्तरेत सापडले, घरी परत आले आणि पंचविसेक वर्षांनी त्यांनी ते लिहून काढलं, 'माझा प्रवास' म्हणून छापून आलं ते 1907 साली. आपण ते अजून वाचतो ते त्यांनी झाशीची राणी पाहिली म्हणून, हे खरंच. पण मला विचाराल तर घरावर कर्ज आहे, चार पैसे दक्षिणा मिळेल म्हणून निघालेला गरीब भिक्षुक, वाटेत पुन्हा पुन्हा लुटला जातो आणि तरी आई-वडिलांसाठी गंगेची कावड घेऊन घरी येतो, त्या कावडीसाठी मी वाचते. तुमची कावड 87 नंबरच्या पानावर आहे.

प्रश्न : ताई मी सातवी शिकलेली हाये. मला जोडाक्षरं नीट येत न्हाईत, ऱ्हस्व दीर्घ तर कळतच न्हाई. नातवाच्या जुन्या वहीत मी मागच्या बाजूनं लिहिते कधी कधी. सून हसती. लिहू का नको? कालच लिहिलं, शेळी व्याली, दोन करडं झाली, एक गेलं, मी दिवसभर कुनाला सांगितलं न्हाई. (पारनेर तालुका)

लिहा. लक्ष्मीबाई टिळक लग्न होऊन आल्या तेव्हा त्यांना लिहिता-वाचता येत नव्हतं, नवऱ्याने नंतर शिकवलं. आणि त्यांची 'स्मृतिचित्रे' 1934 पासून यायला लागली तेव्हा त्या साठी ओलांडलेल्या होत्या. वडिलांच्या सोवळ्याचं वेड त्या सांगतात, नवऱ्याचा विसरभोळा भडक स्वभाव सांगतात, तो ख्रिस्ती झाला तेव्हा यांचे काय हाल झाले ते सांगतात आणि मध्येच स्वतःवर हसतात. मी शिकलेली माणसं बघितलीत, ऱ्हस्व-दीर्घ एकदम चोख आणि पानभर एक खरं वाक्य नाही. तुमचं पत्र मी इथे थोडंसुद्धा दुरुस्त न करता छापलंय, संपादकांना तसं सांगितलंय.

सुनेचं काही मनावर घेऊ नका, उद्या तीच वाचायला मागेल. आणि दुसरं करडू कसंय? दूध पितंय का? कळवा मला.